मामांचं शून्य

पाकीट फोडायचं होतं अकराला. मामा पावणेअकरालाच मीटिंगच्या खोलीत येऊन बसले. एरवी ज्यांचं तोंड मिटत नाही ते मामा आज गप्प. त्यानेच सगळे हबकले.

मामा म्हणजे वेधशाळेचे कॉम्प्युटर सांभाळणारे, आणि जगाचे मामा. गेल्या वर्षी त्यांनी लिफ्टमध्ये नोटीस डकवली, 'वजन जास्त झाल्यास एक पाय उचलून धरावा.' तीन दिवस मोठमोठे शास्त्रज्ञ बगळ्यासारखे वरखाली करत होते.

अशा माणसाच्या हातात गुपित दिलं होतं. इथली पद्धतच तशी. फुटणाऱ्या ताऱ्यांच्या उजेडावरून विश्व कसं फुगत गेलं ते मोजायचं. पण मोजणाऱ्याने हवं ते उत्तर ओढूनताणून आणू नये, म्हणून निकालाशी देणंघेणं नसलेल्या माणसाने आकड्यांत आधीच गुपचूप फरक मिसळायचा. किती, ते शून्य ते नऊ आकड्यांचे फासे ठरवणार, आणि तो आकडा पाकिटात बंद राहणार. आणि पाकीट फुटल्यावर जे येईल ते छापायचं, अशी सगळ्यांची सही.

भाचीने, म्हणजे मामा जिला भाची म्हणत त्या पोरीने, दोन वर्षं खपून विश्वाला फुगवत नेणाऱ्या डार्क एनर्जीचा आकडा काढला होता, उणे ०.८५. यायला हवा होता उणे एक. उणे एक म्हणजे ही ऊर्जा कायम तेवढीच, आइनस्टाइनच्या समीकरणातल्या स्थिरांकात चपखल बसणारी.

"मामांचं पाप वजा केलं की येईल ताळ्यावर," सगळे हसायचे.

गटाच्या प्रमुख मॅडमनी पाकीट फोडलं. "फरक शून्य?"

"शून्य," मामा म्हणाले.

"मामा, आज नाही हं!" भाचीचा आवाज चिरकला. आठ आठवड्यांनी तिची नोकरी संपत होती. ही मामांची थट्टा ठरून निकाल रद्द झाला तर दोन वर्षं पाण्यात.

"फाशांवर शून्य-शून्य आलं, पोरी. पुन्हा टाकले असते तर ती माझी मर्जी झाली असती."

"तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?" मॅडमनी कपाट उघडलं, मूळ आकड्यांची सीलबंद प्रत काढली. "ताडून बघा. माझ्यासमोर."

अठराशे तारे. पडद्यावर ओळी धावू लागल्या. मामा खुर्चीतून पुढे सरकले. शून्य मिसळतानाही कळ तर दाबलीच होती. चुकून दुसराच आकडा गेला असेल तर? जन्मात पहिल्यांदा या माणसाला वाटलं, आपल्यावर कुणीतरी विश्वास ठेवावा.

नऊशे. बाराशे. अठराशे.

'फरक : ०'.

"म्हणजे पोरीचा आकडा खराच," मॅडम हळूच म्हणाल्या.

"आइनस्टाइन चुकला?" मामांनी विचारलं.

"नाही हो!" भाची म्हणाली. "समीकरण तसंच उभं आहे. आपण ज्याला स्थिरांक म्हणून बसवलं, ते काळाबरोबर बदलत असेल. असेल! मोजमापातली चूक धरली तर अजून छातीठोक नाही सांगता येत."

मॅडमनी सह्यांचा कागद बघितला. सगळ्यात वर त्यांचीच सही.

"छापा. जसं आहे तसं. आकडा किती इकडेतिकडे असू शकतो, त्या पट्ट्यासकट."

भाचीने मामांच्या खांद्यावर गुद्दा हाणला. "दोन वर्षं सगळे मला हसत होते, आणि तुम्हाला माहीत होतं!"

"माहीत होतं म्हणून तर," मामा खांदा चोळत म्हणाले, "एकदासुद्धा हसलो नाही गं. हसू दाबून दाबून जीव जायची वेळ आली होती."