किड्यानं खाल्लेलं पान

मामाला भेट देताना बघणं ही एक शिक्षाच असते. तो वस्तू देत नाही, तिचं उद्घाटन करतो. त्या सकाळी त्यानं आमच्या जेवणाच्या टेबलावरचं सगळं उचलायला लावलं, हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले आणि मग फायलीतून एक छापील चित्र अलगद काढून बाबांपुढे ठेवलं.

"घ्या भावजी. तुमचं राहिलेलं शेवटचं पान. आता तरी म्हणा, मेहुणा कामाचा आहे."

मामा जुन्या छापील चित्रांची पारख करतो आणि किंमत ठरवतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली व्यंगचित्रं हा त्याचा खास प्रांत. लिलाववाले, संग्राहक, बापाच्या मागे वाटणीवरून भांडणारी भावंडं, सगळे त्याच्याकडे येतात. त्यानं एकदा अस्सल म्हटलं की पुढे कोणी चकार शब्द काढत नाही. भिंग कायम गळ्यात, म्हणून बाबा त्याला भिंगोबा म्हणतात. त्याला ते आवडत नाही आणि म्हणूनच बाबा म्हणतात.

बाबा वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढायचे. शिकवायला कोणी नव्हतं. सार्वजनिक ग्रंथालयात त्या काळातल्या एका चावट साप्ताहिकाच्या अंकांचा जाडजूड बांधीव खंड होता, तो समोर ठेवून तरुणपणी त्यांनी हात बसवला. मंत्र्यांची पोटं, न्यायाधीशांचे केसांचे टोप, घोड्यांची ढुंगणं, सगळं त्यातूनच आलं. पुढे ग्रंथालयाला जागा अपुरी पडली आणि खंड निकालात निघाला. तो घेणाऱ्या व्यापाऱ्यानं पानं कापून सुटी विकली, कारण पुस्तकापेक्षा भिंतीवरच्या चौकटी लवकर खपतात. तेव्हापासून बाबा ती पानं गोळा करतायत. तसली नव्हे, तीच.

तीच कशी ओळखायची? तर एका किड्यानं तो खंड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आरपार खाल्ला होता. प्रत्येक पानाच्या खालच्या समासात, एकाच जागी, एक गोल भोक. सुरुवातीच्या पानांवर मसुरीएवढं, मग बारीक बारीक होत शेवटी सुईच्या टोकाएवढं. मी एकदा विचारलं होतं, तीच कशाला हवीत, स्वच्छ पानं ढिगानं मिळतात की. बाबा म्हणाले, "ती मला ओळखत नाहीत."

मी बाइंडर आहे. खंड मीच बांधणार होते. पानं क्रमानं लावलेली, पुठ्ठे कापलेले, कापड निवडलेलं. मधलं एकच पान अडलं होतं.

बाबांनी मामानं आणलेलं चित्र जवळ ओढलं. खालच्या समासावरून बोट फिरवलं. एकदा, मग परत एकदा.

"छान आहे," ते म्हणाले.

हे छान मला माहीत आहे. पाहुण्यांच्या पोरानं काढलेला हत्ती बघून बाबा जे म्हणतात ते हे छान.

"नुसतं छान?" मामा उखडला. "अहो, डाग नाही, घडी नाही! खरं तर दोन मिळाली होती. एक हे आणि एक किड्यानं खाल्लेलं. ते खाल्लेलं माझ्या एका गिऱ्हाइकाला, दातांच्या डॉक्टरांना खपवलं आणि चांगलं तुमच्यासाठी ठेवलं."

"कुठं खाल्लेलं?" बाबांनी विचारलं.

"खाली. समासात. मोहरीएवढं."

बाबा उठले, पेटीतून मागचं आणि पुढचं पान काढलं आणि मामाच्या पानाच्या दोन बाजूंना ठेवलं. इकडे मोहरीहून किंचित मोठं भोक, तिकडे किंचित लहान. मध्ये कोरा करकरीत समास. मामानं सवयीनं भिंग डोळ्याला लावलं आणि लगेच खाली घेतलं. बघायला भिंग लागण्यासारखं काही नव्हतंच.

"मला वाटायचं तुम्ही हात आखडता घेता, म्हणून खराब पानं घेता," मामा म्हणाला. "कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस. कितीला घेतलं तेवढं विचारायचास."

खरं सांगायचं तर मामाचं चुकलं असं त्याच्या धंद्यातलं कोणीही म्हणणार नाही. दोन प्रती हाती आल्या की चांगली ठेवायची, खराब पुढे सरकवायची, हे तिथं झोपेतही करतात. पण माझं डोकं तापलं ते तापलंच. "मामा, जगाची चित्रं भिंगातून बघतोस आणि घरातल्या माणसाचं काही दिसत नाही तुला!"

"डॉक्टर आज ते चौकटवाल्याकडे देणार होते," मामा म्हणाला.

आमच्याकडचे चौकटवाले काय करतात ते मी रोज बघते. समास छाटून टाकतात आणि चित्र लाकडी फळीवर गोंदानं चिकटवतात. तो गोंद एकदा बसला की कागदाचा भुगा होतो, पण सुटत नाही.

"जाऊ दे," बाबा म्हणाले आणि पानं पेटीत परत ठेवू लागले. हळूहळू, कडा जुळवत. ते जाऊ दे मला ऐकवेना. मी गाडीची किल्ली उचलली. मामानं स्वच्छ पान फायलीत घातलं आणि माझ्या मागे जिना उतरला.

चौकटवाल्याच्या दुकानात लाकडाचा भुसा आणि गोंद यांचा वास भरून राहिला होता. आत शिरताच मला दिसलं ते कागद कापायच्या यंत्राचं लांब पातं, आणि त्याखाली आमचं पान. समासावर पेन्सिलीची रेघ ओढलेली. भोक रेघेच्या पलीकडे.

"बसा, एवढं एक कापतो नि मग तुमचं बघतो," चौकटवाला म्हणाला आणि त्यानं दांडा धरला.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की भिंतीजवळ चौकटींचे नमुने बघणारे गृहस्थ दचकून वळले. ते डॉक्टरच होते. सडपातळ, नम्र, सावकाश बोलणारे. समोरच्याच्या तोंडात काहीतरी घातलेलं आहे आणि तो उत्तर देऊ शकणार नाही, अशा बेतानं बोलणारे.

चित्रही त्यांच्या धंद्यातलंच होतं. दात काढणाऱ्याच्या वेशातला मंत्री एका नागरिकाच्या छातीवर गुडघा रोवून सांडशीनं त्याचा सोन्याचा दात उपटतोय आणि म्हणतोय, हा राज्याच्या भल्यासाठी. डॉक्टरांना ते दवाखान्यात लावायचं होतं.

आणि मग मी माती खाल्ली. मी खरं सांगितलं. ग्रंथालय, बाबा, किडा, भोक, सगळं. मामानं मध्येच माझं कोपर दाबलं, पण मी लक्ष दिलं नाही. "हे त्याच चित्राचं स्वच्छ पान आहे, यापेक्षा कितीतरी चांगलं. हे घ्या आणि ते द्या, एवढीच विनंती आहे."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. पात्याखालून पान काढलं, उजेडाकडे धरलं आणि भोकातून खिडकीकडे बघितलं.

"म्हणजे असं हे एकच आहे," ते म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला माझी जीभ उपटावीशी वाटली. संग्राहकाला कधीही सांगू नये की ही वस्तू कुणाला तरी जीव तोडून हवी आहे. मघापर्यंत ते भोक खोट होती, आता ते त्या चित्राचं वैभव झालं. मामानं कोपर का दाबलं ते तेव्हा मला कळलं.

"राग मानू नका," डॉक्टर म्हणाले, "पण मग हे मी देत नाही. तुमच्या वडिलांना कधीही येऊन बघू दे, दवाखाना आपलाच आहे. चौकटवाले, समास कापू नका. आणि फळीवर पक्कं चिकटवा, कोणी काढून नेईल म्हटलं तरी निघायला नको." आणि ते हसले.

मी हात जोडले, गयावया केली. ते नम्रपणे मान हलवत राहिले. चौकटवाल्यानं फळी टेबलावर आडवी टाकली, ब्रश डब्यात बुडवला आणि गोंद पसरायला सुरुवात केली. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. मग त्यानं पान दोन्ही हातांनी उचललं.

"डॉक्टर, ते चिकटवू देऊ नका," मामा म्हणाला. "ते अस्सल नाही."

चौकटवाल्याचे हात हवेतच राहिले.

"काय?"

"नंतरची छपाई आहे. छपाईचे मूळ लाकडी ठोकळे झिजल्यावर पुन्हा काढलेली. ग्रंथालयातला तो सगळा खंडच तसला. भावजींना त्याचं काही नाही, त्यांचा जीव भोकात अडकलाय. पण तुमच्या गळ्यात मी ते अस्सल म्हणून मारलं." मामानं गळ्यातलं भिंग काढून त्यांच्यापुढे धरलं. "आज सकाळी दोन्ही शेजारी ठेवली तेव्हा लक्षात आलं. सांगायला लाज वाटत होती. हे बघा, मंत्र्याच्या कोटावरच्या रेषा. या स्वच्छ पानावर सुट्या आहेत आणि त्यावर एकमेकींत मिसळल्यात."

डॉक्टरांनी दोन्ही पानं पुढ्यात घेतली. मीही वाकून बघितलं. माझा जन्म कागदात गेलाय. दोन्ही कोट सारखे होते, रेषेला रेष.

"हो की!" डॉक्टर म्हणाले. "मिसळल्यात खऱ्या."

भिंग हातात आणि कानाशी जाणकार असला की माणसाला सांगितलेलं सगळं दिसतं. त्यांनी किड्यानं खाल्लेलं पान माझ्याकडे सरकवलं आणि रुमालानं बोटं पुसली.

"माझ्या सगळ्या संग्रहावर तुमची सही आहे," ते मामाला म्हणाले. आवाज अजूनही नम्रच. "त्या सह्यांचं आता मी काय करू?"

मी मामाला इतकी वर्षं ओळखते, वादात दोन पावलं मागे गेलेला बघितला नव्हता. "दुसऱ्या कोणाला दाखवून घ्या," तो म्हणाला.

"घेईनच. आणि बाकीच्यांनाही सांगावं लागेल. राग मानू नका, पण तुमच्या शब्दावर आम्ही सगळे चालतो."

"सांगा," मामा म्हणाला.

गाडीत मला रडू आवरेना. "काय केलंस हे, मामा? आता कोण विचारणार तुला?"

"समोर बघून चालव."

"नंतर त्यांना खरं सांगता येईल की."

"मग ते पान परत मागतील. आणि बरोबर करतील. चुकलो म्हणू देत, चुकतात माणसं. खोटं बोललो हे कळलं तर संपलंच." मग तो म्हणाला, "भावजींना सांगायचं नाही. अजिबात. त्यांना त्या पानाचा आनंद होणार नाही मग."

बाबांनी पान हातात घेतलं आणि मागच्या-पुढच्या पानांमध्ये ठेवलं. कडा जुळवल्या. माझ्या पेटीतली शिवायची सुई घेतली आणि त्या तीन पानांच्या भोकांतून घातली. ती कुठंही न अडता आरपार गेली. बाबा रडले. उघड, लहान मुलासारखे, आणि मग हसले. "भिंगोबा," ते म्हणाले, "तू आज मला ग्रंथालयातली माझी तरुणपणीची खुर्ची परत आणून दिलीस." मामा चहाच्या कपात बघत बसला. मला इतकं बरं वाटलं आणि इतकं वाईट वाटलं की मी उगाच कापडाचे तुकडे आवरू लागले.

तेवढ्यात फोन वाजला. आईनं घेतला आणि बाबांपुढे धरला. "तुमचा आहे. दातांचे डॉक्टर."

मामानं कप खाली ठेवला.

बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून आमच्याकडे फोनमधला आवाज सगळ्या खोलीला ऐकू जातो. "आपली ओळख नाही, नंबर चौकटवाल्यानं दिला," डॉक्टर म्हणाले, "पण सांगणं माझं कर्तव्य समजतो. तुमचा तो खंड नंतरच्या छपाईचा आहे, तुमच्या मेहुण्यांनी स्वतः कबूल केलंय. तेच पान त्यांनी मला अस्सल म्हणून दिलं होतं. मी सगळ्यांना सांगतोय, त्यांच्या नजरेवर आता विसंबू नका."

बाबांनी टेबलावरच्या पानाकडे बघितलं. त्या कोटाची एकेक रेष त्यांनी तरुणपणी हातानं गिरवली होती. ती मिसळलेली नाही हे त्यांना डोळे मिटूनही कळलं असतं.

"अहो डॉक्टर, कोण म्हणतं? हे पान तर..." बाबांनी मान वर केली.

मामा उभा राहिला होता. त्यानं हात जोडले होते आणि तो मान हलवत होता. नाही, नाही. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. मग त्यांनी पुन्हा पानाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला.

"हॅलो?" डॉक्टर म्हणाले. "ऐकू येतंय ना?"

"येतंय," बाबा म्हणाले. "बरं केलंत सांगितलंत. हो. हल्ली... हल्ली त्याची नजर चुकते."

त्यांनी फोन ठेवला.

आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती लाल झाली. "माझ्या भावाबद्दल परक्याजवळ असं बोलवलं तरी कसं तुम्हाला? तोही समोर बसलेला असताना! एका पानासाठी सकाळपासून वणवण फिरलाय तो तुमच्या. आता तोंड शिवून का बसलात? बोला की!"

बाबांना बोलताच येत नव्हतं, ना तिच्याशी, ना मामाशी. ते पानावर हात ठेवून बसून राहिले.

"ओरडू नकोस गं, ताई," मामा म्हणाला. "खरं आहे ते. चुकते हल्ली."

आणि त्यानं गार झालेला चहा उभ्यानंच पिऊन टाकला.