हवेतली रेघ

समजा, तुमच्या तळहाताखाली साबणाच्या वडीएवढी एक वस्तू आहे. गुळगुळीत, राखाडी, आणि तिच्या पोटात एक लाल दिवा. उचलली की उजेड टेबलावर सांडतो, ठेवली की आत लपतो — पुन्हा उचलावीशी वाटते, हो की नाही? आता असंही समजा की तुमचं नाव सोनम आहे, वय तेरा, आणि या वस्तूनं तुम्हाला समोरच्या पडद्यावर एक डोळा काढायचा आहे. बुद्धाचा. अर्धा मिटलेला...

वरची पापणी एकाच रेघेत यायला हवी, म्हणून सोनमनं माऊस टेबलापासून बोटभर वर उचलला आणि हवेतच डावीकडून उजवीकडे नेला. एकदा. परत एकदा. पडद्यावरचा बाण जागचा हलला नाही.

“अगं पोरी, इमान उडवाय लागलीस व्हय?” दुकानदार माधवराव हसले. “खाली टेकवून सरकव. उचलला की आंधळा हुतोय त्यो.”

आंधळा. सोनमनं माऊस खाली ठेवला खरा, पण तो शब्द तिच्या डोक्यातून उठेना. कारण आबांचा, तिच्या वडिलांचा, हात असाच फिरायचा. कोडोलीच्या विहाराची भिंत, बांबूची परांची, आणि परांचीवर उकिडवे बसलेले आबा — ब्रश रंगानं भरलेला, तरी भिंतीला लागत नाही, नुसता तिच्यासमोरून जातो, येतो, जातो... खाली उभी असलेली माणसं हाळी द्यायची, “धोंडीराम पेंटर, मंत्र घालाय लागलाईस काय रं भितीवर?” आणि आबा मान न वळवता म्हणायचे, “मंत्र न्हाय लेका, हाताला वाट दावतोय. भितीला खोडरबर नसतंय.” मग अचानक, कुणाला कळायच्या आत, ब्रश टेकायचा आणि पापणी उतरायची. सगळी एका दमात. सोनमचा श्वास तेवढा वेळ कुठे असायचा कोण जाणे. तिलाही त्यांनी तसंच शिकवलं होतं — आधी पाटीवर, मग रद्दीच्या कागदावर, आणि एकदा तर नुसतं अंधाऱ्या खोलीत, बोटानं.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेला विहारावर फ्लेक्स लागला. गावातल्या पोरांनी हौसेनं आणला होता. केवढा मोठा, केवढा चकचकीत! आबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले, “झ्याक हाय,” म्हणाले, आणि घरी येऊन सगळे ब्रश धुऊन त्यांनी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकले. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी बोलता तरी येतं.

मग दादानं, म्हणजे प्रसेनजीतनं, कागलच्या एमआयडीसीतल्या कंपनीतून जुना म्हणून काढलेला संगणक घरी आणला. त्याचा माऊस अडकत होता, म्हणून आज दादाबरोबर ही शाहूपुरीची खेप. आबा यायला तयार नव्हते. “त्यात माझं काय हाय?” म्हणत होते. सोनमनं हात धरून आणलं, तर आता दुकानाच्या पायरीवर पाठमोरे बसून रस्त्याकडे बघत होते.

पडद्यावर तिची पापणी उमटली होती. खडीच्या रस्त्यावरून सायकल गेल्यासारखी, दचके खात. फ्लेक्सवाली सगळी मुलं यावरच काम करतात, सवयीनं जमतं, असं माधवराव म्हणाले. जमेलही. पण मग... आबांनी दाखवलेली ती वाट? ती रेघ, जी टेकायच्या आधीच असते? मी शिकले ते कुणाला दिसणारच नाही का? आणि आबा जे जन्मभर —

“ते काय हाय?” तिनं विचारलं. मागच्या फळीवर एक काळी सपाट पाटी होती, शेजारी जाडसर पेन.

“व्हय, ते ऱ्हायलंच की! एकानं मागवलं आणि न्यायला आलाच न्हाई. त्याच्यावर पेनानं काढायचं आणि चित्र पडद्यावर.” माधवरावांनी धूळ झटकली, वायर जोडली. “पण पावणं, सांगून ठेवतो,” ते दादाकडे वळले, “ह्याला गिऱ्हाईक न्हाई. माऊस कवाबी कामाला येतोय.”

“दोनातलं एकच हं, सोने,” दादा म्हणाला.

पेन हलकं होतं. त्यात शाई नव्हती, पाटीवर काही उमटणार नव्हतं. सोनमनं करंगळी पाटीच्या कडेला टेकवली, टोक बोटभर वर धरलं, आणि नजर पाटीवरच ठेवून — तिला दुसरीकडे बघायचं माहीतच नव्हतं — पापणीची वाट फिरवायला सुरुवात केली. डावीकडून उजवीकडे. परत.

“टेकव की! करंट न्हाई मारत ते,” माधवराव म्हणाले.

“थांबा,” दादाचा आवाज बदलला होता. “सोने, वर बघ. तशीच हात हलवत वर बघ.”

तिनं वर बघितलं.

बाण चालत होता. तिनं कशालाही स्पर्श केला नव्हता. टोक आणि पाटी यांच्यात बोटभर हवा होती, आणि त्या हवेतून तिचा हात जसा जात होता तसाच तो छोटा बाण चालला होता — पापणीच्या चढावर सावकाश, वळणावर जरा थांबून, उतारावर हलका. मागे एकही रेघ उरत नव्हती, आणि तरी कुणीतरी ती बघत होतं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढी वर्षं भिंतीसमोर जे नुसतंच येऊन विरून जायचं, जे खालच्या माणसांना मंत्र वाटायचं... तिनं पेन आणखी थोडं उचललं. बाण थांबला. खाली आणलं. परत चालायला लागला, जणू तिचीच वाट बघत होता. किती शांत होतं ते! डोळा अजून काढलेलाच नव्हता आणि तरी बुद्ध तिथे होता, पापणी मिटायच्या बेतात.

“आबा,” ती हाक मारणार होती. पण पडद्याच्या काळ्या काचेत, चौकटी आणि बाणाच्या मागे, तिला पायरी रिकामी दिसली. मग खांद्यामागे टेरेलिनचा पांढरा सदरा दिसला. आणि त्या सदऱ्यासमोर, छातीशी, तीन बोटं जुळवलेला एक हात — तिच्याच तालात, हवेत, अगदी थोडा हलणारा. आपण दिसतोय हे त्या हाताला माहीत नव्हतं.

सोनमनं मागे वळून बघितलं नाही. वळली असती तर तो हात खिशात गेला असता.

“काय मग, ठरलं का?” दादानं विचारलं.

ती खुर्चीवर एका बाजूला सरकली, निम्मी जागा मोकळी केली, आणि परांचीवर आबांना ब्रश वर देताना द्यायची तसं पेन उलटं फिरवून, टोक स्वतःकडे ठेवून, न बघताच मागे धरलं.