परातीतलं लाल पाणी

लाकडी परातीतलं पाणी आधी पिवळं झालं आणि मग सगळ्यांच्या देखत लालभडक. मलाईता बेटाच्या किनाऱ्यावरची ती वस्ती श्वास रोखून बघत राहिली. इरोफियाला म्हाताऱ्यानं तान्ह्या पोरीला पाण्यातून उचललं.

"पिवळं भूत उतरलं. रक्त परत आलं, बघा. करणारे पूर्वज, मी नुसता हमाल."

हमालापुढे लोक रताळी आणि मासे ठेवत होते.

पोरगी जन्मून आठवडाही झाला नव्हता आणि डोळ्यांच्या पांढऱ्यापर्यंत पिवळी पडली होती. तिचा बाप एझरॉन, शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर, गर्दीत मागे बसला होता. म्हाताऱ्याच्या पाल्याच्या जुडीत हळद आहे, हे त्याला दिसलं होतं. बोटांना चुना आहे, हेही. सुपारीबरोबर खायचा चुना तिथे प्रत्येकाच्या झोळीत असतो. हळदीला चुना लागला की ती लाल होणारच. पण म्हातारा त्याच्या बायकोचा, नेस्ताचा, काका. सासरच्या वडीलधाऱ्याला जावयानं चारचौघांत खोटं पाडणं म्हणजे तिथे मोठं पाप. एझरॉननं सुपारी तोंडात टाकली आणि तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आंघोळ, पुन्हा लाल पाणी. पोरीनं दूध सोडलं, नुसती झोपून राहिली. नेस्ता म्हणाली, काकांच्या हाताला गुण आहे, किती शांत झोपते. त्यानंतरच्या सकाळी पोरगी धनुष्यासारखी मागे वाकली आणि चिरक्या आवाजात रडली.

परात मांडली गेली तेव्हा एझरॉन उठला. "काका, आज पोरीला पाण्यात घालू नका. बाकी सगळं रोजच्यासारखं करा."

"जावईबापू, शिकवायचं ते पोरांना शिकवा," म्हातारा म्हणाला. लोक हसले.

एझरॉननं जुडी हिसकून पाण्यात पिळली, आपल्याच झोळीतला चुना त्यात झटकला. पाणी लाल झालं.

"पोर तर आईच्या मांडीवर आहे. मग हे रक्त कुणाचं?"

नेस्ता पोरीला घेऊन थेट होडीकडे चालू लागली.

दवाखान्यात पोरीला निळ्या दिव्याखाली ठेवलं, मग तिचं रक्तही बदललं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं: रक्तपेशी मोडतात, त्यांतून हे पिवळं द्रव्य तयार होतं. तान्ह्याचं यकृत कोवळं, त्याला ते बाहेर टाकणं झेपत नाही. फार साचलं की मेंदूत शिरतं. तिथे पेशींना ताकद पुरवणारी एन्झाइम असतात, त्यांचं काम हे द्रव्य मंद करतं. पेशी उपाशी मरतात. कानांकडून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवरच्या बऱ्याचदा आधी.

"पहिल्याच दिवशी आणली असती तर?" एझरॉननं मान खाली घालून विचारलं.

"बहुतेक नुसत्या दिव्यावर भागलं असतं."

पोरगी वाचली. तिला ऐकू मात्र कधीच आलं नाही.

काही महिन्यांनी चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेनंतर एझरॉन तिला कडेवर घेऊन लोकांसमोर उभा राहिला. म्हातारा पहिल्याच रांगेत होता.

"काकांनी तुम्हाला फसवलं. मला नाही फसवलं, मला सगळं कळत होतं. मी जावई म्हणून लाजलो आणि बाप असून गप्प बसलो. मूल पिवळं दिसलं तर परात मांडू नका, होडी काढा. वडीलधारे चिडले तर चिडू द्या, त्यांची समजूत पुढे कधीही घालता येईल. हिचे कान मला कुठूनही परत आणता येत नाहीत."