फुलं पाण्यात ठेवल्याशिवाय

आमच्या दुकानातून गेलेला पुष्पगुच्छ मी नुसता दारात देऊन येत नाही. घरात शिरते, स्वयंपाकघर कुठे आहे ते विचारते, देठं तिरकी कापते, फुलं पाण्यात ठेवते आणि मगच बाहेर पडते. लोकांना हा आगाऊपणा वाटतो. वाटू दे. लोक काय करतात ते मी पाहिलंय. बाहेरगावच्या लेकीने, भावाने हौसेने पाठवलेली फुलं चकचकीत कागदासकट फ्रिजवर आडवी टाकतात, फोटो काढतात, फोटो तिकडे पाठवतात आणि संध्याकाळपर्यंत गुलाब माना टाकतात. मग पाठवणाऱ्याला वाटतं, दुकानवालीने शिळा माल गळ्यात मारला. बोल कुणाला लागतो? मला.

दुकान माझं आणि माझ्या नणंदेचं. वन्सं गल्ल्यावर बसतात आणि फोन घेतात, कारण त्यांच्या जिभेवर साखर आहे. माझ्या नाही, म्हणून मी मागे बादल्यांच्या गराड्यात असते. "वहिनी, तुम्ही आपलं फुलांशीच बोला, ती उलट उत्तर देत नाहीत," असं त्या गिऱ्हाइकांसमोर म्हणतात. गिऱ्हाइकं हसतात. मी कात्री जरा जास्त जोरात चालवते.

खिडकीमावशींच्या मुलाचा फोनही वन्संनीच घेतला होता. खिडकीमावशी म्हणजे पोस्टातल्या बाई. सगळी नोकरी त्यांनी पोस्टाच्या खिडकीमागे बसून केली. तिकीट वाकडं चिकटवलं तर पाकीट परत, आणि पत्ता अर्धवट असला तर अख्ख्या रांगेसमोर उद्धार. गावातली भलीभली माणसं त्या खिडकीपुढे हात बांधून उभी राहायची. मावशी निवृत्त झाल्या तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा दूरच्या शहरात, घरात या एकट्या. न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मुलगा रजा होती तोवर राहिला आणि मग गेला. सकाळ-संध्याकाळ कामाला एक बाई लावून दिली, मावशींना उठून दार उघडता येत नाही म्हणून तिच्याबरोबर दाराची एक किल्ली आमच्या दुकानात पाठवली आणि दर शुक्रवारी फुलं पाठवायला सांगितली.

"आईंना कुठली आवडतात?" वन्संनी विचारलं.

 तो म्हणाला, "तुम्हीच ठरवा. मला कधी विचारायचं सुचलंच नाही."

पहिल्या शुक्रवारी मी पिवळी शेवंती आणि पांढरी लिली नेली. मावशी आतल्या खोलीत पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. पलंगाशेजारी नवाकोरा वॉकर उभा होता आणि त्यावर त्यांचा टॉवेल वाळत घातला होता. "कुठे चाललीस?" त्या ओरडल्या, कारण मी सरळ स्वयंपाकघरात घुसले होते. मी सांगितलं, फुलं पाण्यात ठेवल्याशिवाय जात नाही. "म्हणजे आता फुलवालीही घरात हुकूम चालवणार," त्या म्हणाल्या. पण मी बरणी उशाशी आणून ठेवली तेव्हा त्यांनी लिलीच्या पाकळीला बोट लावून पाहिलं, ते मी पाहिलं.

असे बरेच शुक्रवार गेले. दर वेळी आम्ही भांडायचो. फुलं मोठी आणली की त्यांना खोली भरून जाते, लहान आणली की मुलाने काटकसर केली. मला ते भांडण आवडायला लागलं होतं. आवडत नव्हता तो टॉवेल. डॉक्टरांनी हाड जुळल्याचं केव्हाच सांगितलं होतं, चाला म्हणाले होते. मावशी "उद्यापासून" म्हणायच्या. टॉवेल बदलायचा, वॉकर जागचा हलायचा नाही.

मुलाला मात्र त्या फोनवर ठोकून द्यायच्या, मी स्वयंपाकघरापर्यंत जाते, काल तर अंगणात जाऊन आले. एक दिवस त्याने कामाच्या बाईला विचारलं. तिने खरं ते सांगून टाकलं, आणि संपलंच.

त्या शुक्रवारी सकाळी त्याचा फोन आला तेव्हा वन्सं बाहेर गेल्या होत्या, म्हणून मी घेतला. "ही शेवटची ऑर्डर," तो म्हणाला. "रविवारी गाडी घेऊन येतोय. आईला इकडे घेऊन जातो. घर बंद करावं लागेल."

"त्यांना यायचंय का?"

"नाही," तो म्हणाला. "पण ती उठतच नाही हो. पुन्हा पडली आणि दिवसभर तशीच राहिली तर? मला झोप लागत नाही. चालत असती तर मी एक शब्द बोललो नसतो."

तो चुकीचं बोलत नव्हता. मावशीही चुकीच्या नव्हत्या. ते घर त्यांनी उभं केलं होतं, गल्लीतल्या प्रत्येक दाराचा पत्ता त्यांना पाठ होता, आणि मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्यांना भांडायलासुद्धा कुणी मिळालं नसतं.

शेवटची ऑर्डर म्हणून मी दुकानातले सगळ्यात चांगले लाल गुलाब निवडले. दुपारी गेले. गुच्छ आणि कात्री बाहेरच्या खोलीत दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर ठेवली आणि आधी आत डोकावले.

"ने परत," मावशी तिथूनच म्हणाल्या. "मेलेल्या माणसाला पाठवावीत तशी पाठवतोय. आता उचलून नेणारच आहे, मग फुलं कशाला?"

"तुम्ही उठला असता तर कुणी नेलं नसतं."

"तुला काय कळतंय? तुझं काय जातंय? तुला तर ऑर्डरी मिळाल्या."

माझं डोकं फिरलं. आठवडाभर बादल्यांमधून मी त्यांच्यासाठी फूल फूल बाजूला काढत होते, आणि ही बाई मला ऑर्डरी मोजून दाखवत होती! मी म्हटलं, "जिभेत आहे त्याच्या निम्मं बळ पायात उतरवलं असतं ना, तर एव्हाना अख्खा बाजार फिरून आला असता. तुम्हाला घर नकोच आहे. तुम्हाला पलंग पाहिजे. तो तिकडेही मिळेल!"

त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. मी तो पाहिला आणि तरीही दार आपटून निघाले.

दुकानात आल्यावर एका नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाचे गुच्छ बांधायचे होते. बांधायला बसले, खिशात हात घातला, तर कात्री नाही. ती तिकडेच, चपलांच्या कपाटावर. फुलं कागदातच राहिली होती, पाण्याचा थेंब नाही. दुकान उघडल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

"मरू देत," मी मोठ्याने म्हटलं.

"कोण, फुलं का मावशी?" वन्सं म्हणाल्या. त्या जवळ आल्या आणि माझ्या हातातला गुच्छ काढून घेतला. "हे मी बांधते. वाकडे होतील, पण बांधते. तुम्ही जा आधी."

वन्संनी बांधलेला गुच्छ म्हणजे पालेभाजीची जुडी. पण मी स्कूटर काढली.

किल्लीने दार उघडलं. चपलांच्या कपाटावर नुसता कागद होता. गुलाब नव्हते, कात्रीही नव्हती. आतल्या खोलीत पाहिलं तर पलंग रिकामा, टॉवेल जमिनीवर. "मावशी!" मी अशी ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"बहिरी नाही मी," स्वयंपाकघरातून आवाज आला.

त्या ओट्याजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. अंग घामाने भिजलेलं, केस कपाळाला चिकटलेले, समोर वॉकर. ओट्यावर दुधाच्या पातेल्यात गुलाब होते. देठं वेडीवाकडी कापलेली, एक तर इतकं आखूड की फूल पाण्यातच बुडालं होतं. फरशीवर पाणीच पाणी.

"त्या कागदाचा आवाज," त्या म्हणाल्या. "पंख्याच्या वाऱ्याने चुरचुरत होता. पलंगावरून फुलं दिसत होती. माना टाकायला लागली. मला वाटलं, तू येशील. तू कसली येतेस, तुझा राग नाकावर. मग म्हटलं, बिचाऱ्यांनी काय केलंय?"

"इतक्या लांब? दारापर्यंत? आणि तिथून इथे?"

"गुच्छ वॉकरच्या दांडीला अडकवला आणि कात्री पदरात गुंडाळली. सारखी चालले नाही. भिंतीला टेकून थांबले, रडले, पुन्हा निघाले." मग त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "आणि आता परत जाता येईना गं. येताना आले, जाताना पाऊल उचलेना. मला भीती वाटते. न्हाणीघरात तो पाय सरकला ना, तेव्हापासून मला प्रत्येक फरशी तशीच वाटते. पोराला हे कसं सांगू? सगळ्या गावाला दरडावलं मी. त्याला सांगू, की मी फरशीला घाबरते?"

मी खाली ओल्या फरशीवरच बसले. मला खूप लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला; दोन्ही एकदम. म्हटलं, "देठं तिरकी कापायची असतात."

"मग शिकव," त्या म्हणाल्या. "नुसती काय बसलीस?"

फरशी पुसली, मग आम्ही निघालो. त्या वॉकर धरून पुढे, मी मागे. पलंगापर्यंत पोहोचायला इतका वेळ लागला की संध्याकाळची कामाची बाई आली आणि दारातच तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

मी मुलाला लगेच फोन लावायला निघाले होते. मावशींनी अडवलं. "नको. मी इतक्या थापा मारल्यात की आता त्याचा विश्वास बसणार नाही. तुलाही मी पढवलं असं म्हणेल. त्याला डोळ्यांनी बघू दे. रविवारी दार मी उघडणार."

शनिवारी मी सकाळी गेले आणि दुपारीही गेले. पलंगापासून दारापर्यंत एकदा जमलं, तेही मी कंबरेला हात लावून होते म्हणून. दुसऱ्यांदा मधल्या उंबऱ्याशी पाय अडला आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या. "उद्या येऊ नकोस," त्यांनी मला बजावलं. "तू असलीस की मी तुझ्या हातावर भार टाकते."

रविवारी मी जाणार नव्हते. वन्संनी माझ्याकडे पाहिलं आणि स्कूटरची किल्ली माझ्यापुढे सरकवली. "समोरच्या फुटपाथवर उभ्या राहा. फुटपाथ काही मावशींच्या मालकीचा नाही."

मी पोहोचले तेव्हा गाडी दाराशी लागलेली होती. मागची सीट आडवी करून त्यावर गादी घातली होती. टक्कल पडायला लागलेला एक थकलेला माणूस दारात उभा होता. त्याने बेल वाजवली. थांबला. पुन्हा वाजवली. दाराला कान लावला, आणि मग घाईघाईने खिशातून किल्ली काढली.

"थांबा!" मी रस्त्यापलीकडून ओरडले. "किल्ली लावू नका!"

तो दचकून वळला. "तुम्ही कोण?"

"फुलवाली. तुमची फुलवाली." मी धावत रस्ता ओलांडला. "हात जोडते, थोडं थांबा."

"आई ठीक आहे ना? ती पडलीय का आत?"

"थांबा हो!"

आम्ही दोघं त्या बंद दाराकडे बघत उभे राहिलो. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मग वॉकरचे पाय फरशीवर टेकल्याचा आवाज आला. मग काही नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळायला लागलं होतं. पुन्हा आवाज आला, जरा जवळून. त्याने किल्ली मुठीत आवळली आणि ओठ घट्ट मिटले. पुन्हा शांतता पसरली, आणि ती इतकी लांबली की मीच किल्ली हिसकावून घेते की काय असं मला वाटलं. तो उंबरा, माझ्या मनात येत होतं, तो मेला उंबरा. मग आवाज आला, आणि पुन्हा आला, आणि आतून कुलपाचा खटका फिरला.

दार उघडलं. मावशी उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, विंचरलेले केस, आणि दोन्ही हातांनी वॉकर घट्ट धरलेला.

मुलाने किल्ली खिशात टाकली. गाडीकडे बोट दाखवत कसाबसा म्हणाला, "आई, मी तुला न्यायला आलो होतो."

"माहीत आहे," मावशी म्हणाल्या. "म्हणूनच दारापर्यंत आले."