ठिगळांचं पान

मजकूर पेस्ट केला आणि पान घाण झालं. पांढऱ्या कागदावर करडा पट्टा उमटला, त्यात काही शब्द निळे आणि खाली रेघ ओढलेले, अक्षरं कुठल्यातरी भलत्याच वळणाची, आणि मधूनमधून ताईचं नाव, तेवढंच जाड आणि काळं. धाकटीनं माउसवरचा हात झटकन काढून घेतला, जणू बोट कुणाच्या थुंकीत बुडालं होतं.

छपाईच्या या दुकानात ती पानं लावायची. लोक कुठून कुठून उचललेला मजकूर पाठवत, आणि येताना तो आपला सगळा मळ बरोबर घेऊन येई. रंग, रेघा, वेडेवाकडे समास. उपाय सोपा होता. नुसता मजकूर पेस्ट करायचा आणि फॉरमॅटिंग बाहेरच ठेवायचं. तेवढं केलं की चोरसुद्धा सावासारखा दिसतो. तिच्या हाताला ही सवय झोपेतही होती. आज हात चुकला, कारण फाइल भाऊजींची होती आणि तिला ती एकदाची हातावेगळी करायची होती.

ताईला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका निघायची होती आणि पहिलं पान नवऱ्याचं होतं. ‘माझी सहचारिणी.’ या सहचारिणीच्या नवऱ्यानं कुणा दुसऱ्याच बाईवरचा लेख उचलून त्यात फक्त नाव बदललं होतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं धाकटीनं पाहिली होती. याला तर लोणीही दुसऱ्याच्या घरचं लागलं.

दवाखान्यातही हाच माणूस. ताईचं अंग पुसायचं, भांडं द्यायचं, ओकारी झेलायची, ते सगळं धाकटीनं केलं आणि हा बाहेरच्या बाकावर कानात वायर खुपसून बसून राहिला. पोटची पोरसुद्धा तेव्हापासून त्याच्याशी कामापुरतं बोलायची. तेवढ्यात फोन वाजला, तर तोच.

“मिळालं का गं?”

“मिळालं.”

“काही कमीजास्त असेल तर तू बघून घे. मला लिहिण्यातलं काही कळत नाही.”

“दिसतंय ते,” असं म्हणून तिनं फोन ठेवला.

मग तिनं ठरवूनच टाकलं. हे पान साफ करायचं नाही. दुपारी भाची पुस्तिकेची पानं तपासायला येणार होती. बापानं आईसाठी काय केलंय ते तिला ठिगळांसकट दिसू दे. त्याची अब्रू झाकायचा मक्ता आपण का घ्यावा? मजकूर वाचायच्या भानगडीत ती पडली नाही. पानं लावणारी माणसं वाचत नाहीत, नुसती बघतात. शेवटाकडे बारीक अक्षरांच्या दोन-तीन ओळी होत्या, त्यांचा फॉण्ट तिसराच होता. आणखी एका घरची चोरी, असं पुटपुटत तिनं प्रिंट काढली.

भाची आली, खुर्ची ओढून बसली. धाकटीनं पान तिच्यापुढे सरकवलं.

“हे तुझ्या बाबांचं. मी हात लावलेला नाही. आलं तसं आहे.”

भाचीनं पान पाहिलं आणि तिचे कान लाल झाले. धाकटीला बरं वाटलं.

“कळला ना हा रंग कशाचा? आयत्या बिळावर नागोबा. बायकोसाठी चार ओळी सुचल्या नाहीत माणसाला.”

“मावशी, हे मी दिलंय.”

“काय?”

“रोज विचारायचे, काय लिहू, कसं लिहू. मला वैताग आला. मीच नेटवरून उचललं, आईचं नाव घातलं आणि म्हटलं, हे घ्या, पाठवून द्या मावशीला.”

हे सगळं ती पानाकडे बघतच बोलली. सकाळपासून पोसलेली किळस आता कुणावर काढावी हे धाकटीला कळेना. पोरीवर तर काढवत नव्हती. भाचीचं बोट ओळींवरून खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं.

“पण हे मी नाही दिलेलं.”

ती बारीक अक्षरं होती. धाकटीनं चष्मा सारखा केला आणि पहिल्यांदाच वाचलं.

‘झोपताना ती गार पाय माझ्या पोटऱ्यांना लावायची मी ओरडायचो. मग ती मोजे घालायला लागली. दवाखान्यात एकदा मी म्हटलं आता लाव, तर तिला पाय हलवता येईना’

भाचीनं त्या ओळींवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

“मला कधी बोलले नाहीत हे,” ती म्हणाली. मग नाक पुसून, “बाकीचं सगळं काढून टाक. एवढंच राहू दे.”

“राहील.”

भाचीनं पुढचं पान उचललं. ते धाकटीचं होतं, स्वच्छ, समास जुळलेले, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. वाचायला तिला फार वेळ लागला नाही.

“छान लिहिलंयस,” ती म्हणाली. परक्यांच्या घरी चहा चांगला झालाय असं सांगावं, तसं.

धाकटीनं पान ओढून घेतलं. प्रेमळ. कष्टाळू. सदा हसतमुख. सगळं स्वतःच्या हातानं टाइप केलेलं होतं, एक शब्दही कुठून उचललेला नव्हता. आणि ताईचं नाव काढून शेजारणीचं घातलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. जिचं अंग पुसलं, जिला कुशीवर वळवलं, ती बाई या पानात कुठेच नव्हती. सकाळची किळस पुन्हा वर आली, आणि या वेळी ती भाऊजींवर ढकलता येत नव्हती.

“मग आज जाईल ना छापायला?” भाचीनं विचारलं.

“नाही,” धाकटी म्हणाली. “माझं अजून लिहायचं राहिलंय.”