रोलर थांबला नव्हता

त्या दिवशी आभाळ सकाळपासून खाली उतरून बसलं होतं. पाऊस पडत नव्हता आणि ऊनही पडत नव्हतं. वारा तर अजिबातच नव्हता. मैदानाच्या काठावरचे झेंडे ओल्या फडक्यासारखे काठीला चिकटून बसले होते. वारा नव्हता, एवढं ध्यानात ठेवा. पुढे कामाला येईल.

मी रोलर बोलतोय. खेळपट्टीवरून फिरवतात तो लोखंडी रोलर. इंजिनवाला नव्हे, हाताने ओढायचा. माझं वय मलाच नीट माहीत नाही. ज्यांनी मला ओतलं ते केव्हाच गेले, ती भट्टीही बंद पडली. शिक्षण म्हणाल तर शून्य. पण माणसांच्या पायांपाशी जन्म काढला की पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात. चेहरा खोटं बोलतो, पाय सहसा बोलत नाहीत.

मी राहत होतो ते मैदान मोठं, देशोदेशीचे संघ तिथं यायचे. शेडमध्ये माझ्याशेजारी एक हलका रोलर असायचा. नियम असा, की एक डाव संपला आणि दुसरा सुरू व्हायचा असला, की फलंदाजीला येणाऱ्या संघाचा कप्तान सांगणार, जड की हलका. मग आम्हाला सात मिनिटं मिळणार. सात म्हणजे सात.

मला दोघं ओढायचे. उजव्या हाताला काका, या मैदानाचे राखणदार. सगळे त्यांना काकाच म्हणत, पंचसुद्धा. डाव्या हाताला त्यांचा जोडीदार. सव्वीस वर्षं तो एकाच बाजूला राहिला, म्हणून त्याचं नावच डावा पडलं. दोघांची घरंही एकमेकांना खेटून, मध्ये एकच भिंत. डाव्याची बायको म्हणायची, "यांचं लग्न माझ्याशी झालंय की त्या लोखंडाशी, देव जाणे."

काकांचं घड्याळ जुनं होतं पण नियत पक्की. एकदा क्रिकेट मंडळाचे साहेब हळूच म्हणाले, "काका, आपलीच पोरं खेळायला येणार आहेत. नऊ मिनिटं फिरवला तर कोण मोजतंय?"

काका म्हणाले, "मी मोजतोय ना साहेब."

तेव्हापासून साहेबांच्या मनात काका खड्यासारखे होते. पण खेळपट्टी अशी करणारा दुसरा माणूस कुठं मिळणार? म्हणून चाललं होतं.

या कामातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. खेळपट्टीवर रोलर कधी थांबवायचा नाही. चालत राहिला तर तो जमीन सपाट करतो. उभा राहिला तर त्याच जमिनीत खड्डा पाडतो. नव्या माणसाला काका पहिल्या दिवशी एवढंच शिकवत. "घाम पुसायचाय? चालता चालता पूस. शिंक आली? चालता चालता शिंक. थांबू नकोस, खड्डा पडेल."

आता भिंगरीबद्दल सांगतो. जग त्याला कप्तान म्हणायचं, पोस्टरवर त्याचा फोटो असायचा. काकांसाठी मात्र तो भिंगरीच, कारण लहानपणी एका जागी उभा राहील तर शपथ. बॅट धरायला तो याच मैदानावर शिकला. पहिलं शतक काढलं तेव्हा काकांच्या पाया पडून तो माझ्या दांड्यावर बसला आणि ढसाढसा रडला. काकांना मूलबाळ नव्हतं. आणखी काय सांगू? समजून घ्या.

तर तो दिवस. पाहुण्या संघाचा शेवटचा गडी बाद झाला. त्यांचा उंच वेगवान गोलंदाज नाबाद राहिला होता. मोठा गमत्या माणूस. रोज सकाळी माझ्या पाठीवर थाप मारायचा आणि काकांना खुणेनं सांगायचा, हा तुमचा रोलर माझा वैरी, याला विहिरीत ढकला! खेळपट्टी सपाट झाली की वेगवान गोलंदाजाचं काय चालणार? काका हसायचे. भाषा एक नव्हती, पण दोघांची गट्टी होती.

त्या दिवशी त्यानं शेवटी येऊन चाळीस धावा ठोकल्या होत्या. आमच्या पोरांचा जीव मेटाकुटीला आला होता. पंच पायऱ्यांपाशी पोचले, बाकीचे खेळाडू आत गेले. टीव्हीवर जाहिराती लागल्या आणि यष्ट्यांमधले माइक बंद झाले. भिंगरी काकांकडे आला आणि म्हणाला, "काका, जड." मला आत घेतलं, काकांनी घड्याळ बघितलं, आम्ही निघालो.

तेवढ्यात तो गोलंदाज अर्ध्या वाटेतून परत फिरला. पहिल्या डावात त्याचा एक चेंडू भिंगरीच्या बरगडीवर बसला होता. तो जवळ आला, हात पुढे केला आणि बरगडीकडे बोट दाखवून विचारलं, "लागलं का?"

भिंगरीनं हात घेतला नाही. त्यानं एक शब्द उच्चारला.

तो शब्द मी सांगणार नाही. त्या माणसाच्या कातडीच्या रंगावरून होता. जगात कुठंही जा, तो कळतो. मी स्वतः काळ्या लोखंडाचा. आजवर मला माझ्या रंगावरून कुणी हिणवलं नाही, गंज चढला तेव्हा हसले तेवढंच. पण त्या गोलंदाजाचे पाय मी पाहिले. ते एकदम जड झाले, माझ्याहून जड.

आणि काका थांबले.

उजवा हात दांड्यावरून सुटला. डाव्यानं एकट्यानं ओढून पाहिलं. "अरे चल! चल, काय करतोस!" तो कुजबुजला. पण एकाच बाजूनं ओढून मी हलणारा नाही. मी उभा राहिलो. माझ्या पोटाखाली दमट माती दबत गेली आणि मला काही करता येईना. जन्मात पहिल्यांदा.

मग काकांनी दांडा धरला. सात मिनिटं पुरी केली. पण व्हायचं ते झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच गोलंदाजाचा चेंडू नेमका त्या खड्ड्यावर पडला. उसळायचा तो सरपटत गेला आणि भिंगरीचा त्रिफळा उडाला. लोकांनी डोक्याला हात लावले. मला काही बरं वाटलं नाही. पोर आपलंच होतं.

आता तक्रारी दोन झाल्या. पाहुण्यांची तक्रार, की आमच्या माणसाला असं बोलला. आमच्यांची तक्रार, की खेळपट्टीवर खड्डा आलाच कसा. भिंगरी म्हणाला, "मी काही बोललोच नाही." माइक बंद, कॅमेरे बंद.

संध्याकाळी साहेब शेडमध्ये आले. रुमालानं खुर्ची पुसली, पण बसले नाहीत.

"काका, सोपं आहे. रोलर जुना झालाय. आतला आस अडकला, म्हणून थांबला. खड्डा पडला. संपलं."

काका माझ्या दांड्यावरची माती पुसत राहिले.

"तुम्ही दुसरं काही सांगितलंत तर तुमच्या भिंगरीची कप्तानी जाईल. त्याला दोन वर्षं घरी बसवतील. कराल असं? आणि हे लोक कितीही ओरडले तरी आपल्या मंडळाशी वाकडं घेऊन जाणार कुठं? आपण त्यांच्याकडे खेळायला गेलो नाही तर त्यांच्या घरी चूल पेटत नाही."

साहेब गेल्यावर डावा म्हणाला, "लोखंडाला अब्रू असते का रे? दे त्याच्या माथी मारून."

मला राग आला नाही. खरंच सांगतो. काकांचा भिंगरी वाचत असेल तर माझ्यावर काय वाटेल ते येऊ दे, असंच मला वाटलं.

सकाळी सामनाधिकारी स्वतः शेडमध्ये आले. बरोबर साहेब आणि एक दुभाषी. सामनाधिकाऱ्यांनी वाकून माझा दांडा धरला, मला थोडं पुढे ढकललं, मागे घेतलं. मी लोण्यासारखा फिरलो. अडकायला हवं होतं का? पण अंगात खोट नाही तर आणायची कुठून?

"मग हा रोलर का थांबला?"

काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"रोलर थांबला नव्हता साहेब. मी थांबलो."

"का?"

काकांनी तो शब्द सांगितला. कुणी म्हटला, कुणाला म्हटला, तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "पोर माझंच आहे. म्हणूनच हात सुटला. परक्यानं म्हटलं असतं तर मी चालत राहिलो असतो."

सामनाधिकारी डाव्याकडे वळले. डाव्याच्या दोन मुली लग्नाच्या होत्या आणि साहेब समोरच उभे होते. तो खाली बघत म्हणाला, "मला ऐकू आलं नाही. वारा होता."

काकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जोडीदाराला लाज वाटू नये म्हणून.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. एक म्हणतो ऐकलं, दुसरा म्हणतो वारा होता. वरून फोन झाले, आमचं मंडळ दौराच रद्द करायला निघालं. चार दिवसांत निकाल आला, पुरावा नाही. खड्ड्याचं कारण कागदावर लिहिलं गेलं, रोलर नादुरुस्त. तो गोलंदाज जाताना काकांना भेटायला आला. माझ्या पाठीवर नेहमीसारखी थाप मारली आणि काकांना मिठी मारली.

काकांना घरी बसायला सांगितलं. निरोपाला काय हवं, असं विचारलं तेव्हा त्यांनी मला मागितलं. नाहीतरी मी भंगारातच जाणार होतो.

आता मी काकांच्या गल्लीच्या टोकाशी एका छोट्या मैदानावर असतो. तिथं गल्लीतली माणसं सुट्टीला खेळतात. शिंपी, टपालवाला, शाळेचे दोन मास्तर. त्यांना रोलर पहिल्यांदाच मिळालाय. चेंडू सरळ येतो म्हणून उलट घाबरतात! काका मला एकटेच ओढतात. दहा पावलं गेली की धापा टाकतात, पण थांबायचं असलं तर खेळपट्टीच्या बाहेर जाऊन थांबतात.

मैदानाला लागूनच डाव्याच्या घराचा ओटा. वर्षभर तो कामावर जायच्या आधी त्या ओट्यावर बसायचा आणि आमच्याकडे पाठ करायचा. भिंतीपलीकडचा माणूस, पण बोलणं बंद. काका तरी रोज जाताना ओट्याजवळ खोकायचे. ती त्यांची विचारपूस.

परवा सकाळी भिंगरी आला. गाडी लांब ठेवून चालत. काका मला घेऊन खेळपट्टीच्या टोकाशी उभे होते. तो आला आणि सवयीनं माझ्या दांड्यावर बसला.

"गेल्या आठवड्यात त्यांच्या देशात खेळलो. त्याच बरगडीवर चेंडू बसला, काका. खाली पडलो. सगळ्यांच्या आधी तोच धावत आला. म्हणाला, 'लागलं का?'"

काकांनी त्याच्या बरगडीकडे बघितलं.

"आज दुपारी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. आधी तुम्हाला दाखवतो." त्यानं खिशातून कागद काढून वाचला. "माझ्या बोलण्यामुळे कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर मला खेद वाटतो."

"असतील तर?" काका म्हणाले. "म्हणजे? तू तिथं नव्हतास का रे?"

"मंडळाच्या माणसानं लिहून दिलंय."

"मग ते मंडळाचं झालं. तुझं कुठंय?"

भिंगरी कागदाकडे बघत राहिला. मग त्याची चौपदरी घडी घातली आणि ती माझ्या चौकटीच्या फटीत खोचली. अजून तिथंच आहे, दवानं ओली झालीय.

"कागदाशिवाय सांगतो," तो म्हणाला. "काय म्हटलं, कुणाला म्हटलं, आणि तुम्ही खरं बोललात ते."

"कप्तानी जाईल."

"जाईल. मग येतो इथं रोलर ओढायला. घ्याल ना?"

"तू?" काका म्हणाले. "तुझ्यानं सरळ रेषेत ओढवणार आहे होय? भिंगरी ती भिंगरीच. जा, उशीर करू नकोस. आणि जेवून जा, रिकाम्या पोटी खरं बोलू नये, चक्कर येते."

तो हसला, वाकून पाया पडला आणि गेला. जाताना त्याचे पाय मी पाहिले. हलके नव्हते. पण सरळ पडत होते.

माणसांनो, तुमच्या मोठमोठ्या खुर्च्यांचं राजकारण मला कळत नाही. मागणं एकच आहे. खेळ संपल्यावर पुढे आलेला हात घेत जा. त्याला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही.

तर भिंगरी गेल्यावर काकांनी दांडा धरला आणि मला खेळपट्टीवर घेतलं. मधोमध आलो तेव्हा मला जाणवलं, की ओढ कमी होतेय. काकांचे डोळे भरून आले होते, त्यांना पुढचं दिसत नव्हतं. पाय अडखळायला लागले. आता मी उभा राहणार, असं वाटलं.

तेवढ्यात डावीकडून दांडा हलला. डावीकडून! किती दिवसांनी. ती पकड मी आंधळा असतो तरी ओळखली असती. ओट्यावरून उतरून तो अनवाणीच आला होता. काकांकडे न बघता, समोर बघत तो म्हणाला,

"आज ऐकलं मी सगळं. त्या दिवशीही ऐकलं होतं. वारा नव्हता. दुपारी त्या पोराबरोबर मीही जाऊन सांगतो. आता चल, थांबू नकोस. खड्डा पडेल."