कोठी रिकामी करणे

कारखान्यातल्या प्रॉक्सी सर्व्हरला रंगनाथने कोठी म्हणायला सुरुवात केली आणि अंबडच्या त्या कारखान्यात तेच नाव रुळलं. चाळीस संगणक, आणि बाहेर जायला एकच बारीक लाइन. कोणी एखादी फाइल मागवली की कोठी ती बाहेरून आणून देई आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवून घेई. दुसऱ्या कोणी तीच मागितली तर बाहेर जायची गरज नाही, घरातलीच काढून द्यायची. रंगनाथ मूळचा टेलिफोन ऑपरेटर. जुना बोर्ड मोडीत निघाला तेव्हा त्याने पुस्तकं आणली, रविवार घालवले आणि हे सगळं शिकून घेतलं. सर्व्हरच्या थंडगार खोलीतली खुर्ची त्याला कोणी दिलेली नव्हती, त्याने ती मिळवली होती.

२००४च्या मे महिन्यात एका व्हायरसने चाळीसपैकी एकोणतीस संगणक आडवे केले. नवे मॅनेजर कुलथेसाहेब शुक्रवारी त्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"रंगनाथराव, बाहेरून येणारी प्रत्येक फाइल तुमच्या कोठीच्या दारातच तपासली गेली पाहिजे. सोमवारी अकराला डायरेक्टर येतायत. त्यांच्यासमोर चाचणी मी घेणार. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर गेटवर आवक रजिस्टर लिहायला माणूस हवाच आहे."

रविवारी सकाळी रंगनाथ मुलीला स्कूटरवर मागे बसवून कारखान्यात घेऊन गेला. तृप्तीची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा झाली होती आणि नोकरीसाठी अर्ज चालू होते. रंगनाथने वहीत कामाची यादी लिहून आणली होती, एक ते अकरा, टपोऱ्या अक्षरात.

चाचणीची फाइल ठरलेलीच असते. ती कुणाचं काही बिघडवत नाही, पण जगातल्या प्रत्येक अँटिव्हायरसने तिला पकडायचं असतं.

"बाबा, तपासणी बसवायच्या आधी ती एकदा आणून बघू," तृप्ती म्हणाली. "आत्ता आली आणि नंतर अडली, तरच आपलं काम झालं म्हणायचं."

"कॉलेजची फी वाया नाही गेली," रंगनाथ म्हणाला.

फाइल आली. मग त्यांनी अँटिव्हायरस चढवला, तो प्रॉक्सीला जोडला, चार वेळा फसला, पाचव्यांदा जुळला. साडेतीन वाजले. रंगनाथने वहीवर बोट ठेवलं. "नववं राहिलं. कोठी रिकामी करणे."

"कशाला? ती परत भरायला आठवडा जाईल. उद्या सगळे बोंबलतील, रंगनाथने नेट स्लो केलं म्हणून." चार वाजता तिला मैत्रिणीकडे जायचं होतं. "राहू द्या हो, बाबा."

"नक्की ना?"

"मी शिकलेय की तुम्ही?"

तो हसला आणि नवव्या ओळीवर काट मारली. मग तिने तीच फाइल झिप केलेली, दुसऱ्या पत्त्यावरून मागवली. ती अडली. दोघांनी डबा उघडला आणि तिथेच उभ्याने मेथीचे ठेपले खाल्ले.

सोमवारी तो तिला हट्टाने घेऊन आला. डायरेक्टर बसले होते. कुलथेसाहेबांनी छापून आणलेल्या कागदावरचा पत्ता टाइप केला आणि बटण दाबलं.

फाइल आली. कोणी अडवली नाही, कोणी विचारलं नाही.

तृप्तीला तत्क्षणी कळलं. दारावर पहारा बसवला होता, पण ही फाइल याच पत्त्यावरून तिने स्वतः रविवारी सकाळीच आत आणून ठेवली होती. बाहेरून येणारं तपासलं जात होतं, आत पडलेलं तसंच हातात दिलं जात होतं. तिने वडिलांकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं. ते पडद्याकडेच बघत होते.

"वा!" कुलथेसाहेब म्हणाले. "चाळणी छान आहे, रंगनाथराव. भोकं तेवढी मोठी पडली." डायरेक्टर हसले. "हे केलं कोणी? तुम्ही की पोरीने?"

"मीच, साहेब. ती नुसती डबा घेऊन आली होती."

साहेबांनी टेबलावरची वही उचलली, पान काढलं. "नऊ. कोठी रिकामी करणे. लिहिलेलं आहे की! मग काट का मारली?"

तृप्तीच्या जिभेवर शब्द आले. तिने ते तिथेच ठेवले.

"कंटाळा केला, साहेब," रंगनाथ म्हणाला.

अठ्ठावीस वर्षांत एकदाही उशिरा न आलेला माणूस हे बोलला आणि ते सगळ्यांना लगेच पटलं. साहेब तृप्तीकडे वळले. "तुम्हाला येईल का हे दुरुस्त करता?"

"येईल," ती म्हणाली.

ती वडिलांच्या खुर्चीत बसली. कोठी रिकामी केली, सर्व्हर पुन्हा चालू केला, तीच फाइल मागवली. ती अडली. दहा मिनिटंही लागली नाहीत. डायरेक्टरांनी तिचं नाव विचारलं. जुलैत तिला कारखान्याचं नोकरीचं पत्र आलं.

तोवर रंगनाथ गेटवर गेला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशव्या बघायच्या, वेळ लिहायची. "नियम सगळ्यांना सारखा, रंगनाथराव. आणि इथे तरी कंटाळा नको," साहेबांनी बजावलं होतं. म्हणून रोज सकाळी एकाच स्कूटरवरून उतरल्यावर तो आधी गेटवरच्या खोलीत खिडकीमागे जाई आणि मग म्हणे, "पर्स उघडा, मॅडम." पर्समध्ये त्यानेच भरून दिलेला डबा असे. कॅन्टीनमध्ये त्याचं नाव कंटाळाराव पडलं. तृप्तीच्या टेबलावरही लोक ते नाव घेऊन हसत. तीही थोडं हसे.

एकदा, दोन वर्षांनी, तिने स्कूटरवर मागून सुरुवात केली होती. "बाबा, त्या दिवशी मी..."

"घट्ट धर, पुढे खड्डा आहे," तो म्हणाला. रस्ता सरळ होता.

२००७च्या हिवाळ्यात तो गेला. गेटवरच, रजिस्टरवर डोकं ठेवून. सहादू वॉचमनला वाटलं, झोप लागली. त्याने अर्धा तास उठवलं नाही.

पाचव्या दिवशी कुलथेसाहेब घरी भेटायला आले. भिंतीशी सतरंजीवर बसले, फोटोकडे बघून मान हलवली.

"माणूस सोन्यासारखा होता, वहिनी. कामात जरा कंटाळा करायचे, एवढंच."

वत्सलाबाईंनी पाच दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. "कंटाळा? ह्यांनी?" त्यांना खरंच समजत नव्हतं. त्या मुलीकडे वळल्या. "तृप्ती, तू होतीस ना त्यांच्याबरोबर तिथे? सांग की साहेबांना, कसे होते ते."

दोघंही तिच्याकडे बघत थांबले. फोटोतले रंगनाथ तिसरे.

तृप्ती उठली. आतून तांब्या-भांडं आणलं आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवलं.

"पाणी घ्या, साहेब," ती म्हणाली.